कुठल्या सापाची कात?

प्रश्न : आमच्या शाळेतली सातवी-आठवीची मुलं गावातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची नोंद करताहेत. लाकडांच्या ढिगात त्यांना एक कात मिळाली. कुणी मण्यार म्हणतं, कुणी कवड्या. कसं ठरवायचं? आणि पकडापकडी न करता नोंद कशी करायची?
– एक शिक्षिका, पाटण तालुका

उत्तर : बाई, मुलांनी कात फेकून दिली नाही, याचा फार आनंद झाला. तिच्यात रंग उरत नाही, पण खवले जागच्या जागी असतात आणि विषारी मण्यार व बिनविषारी कवड्या या दोघांचा निवाडा खवल्यांवरच होतो. कात पाण्यात भिजवून थाळीत पसरा. पाठीच्या मधोमध जाणारी खवल्यांची रांग शेजारच्या खवल्यांपेक्षा ठळक मोठी, षटकोनी असेल तर मण्यार. मग शेपटीची खालची बाजू पाहा: मण्यारीच्या शेपटीखाली अखंड खवल्यांची एकच ओळ, कवड्याच्या दुहेरी. लांबी मात्र कातीवरून लिहू नका; निघताना ती ताणते आणि सापापेक्षा जास्त भरते.

जिवंत साप दिसला तर लांबूनच पट्टे पाहा. कवड्याचे मानेजवळ ठसठशीत असतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारीचे उलट: मानेजवळ पुसट किंवा नाहीतच, मागे बारीक, बहुधा जोडीजोडीने. शंका राहिली तर वहीत ‘ओळख पटली नाही’ असं लिहा, आणि मण्यार समजूनच मागे सरा. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचतो. ढिगात हात घालायचा नाही, हे मुलांना आजच सांगा.

गणना सरड्यांपासून सुरू करा. तुमच्याच जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पठारावर, मे महिन्यात एका जातीच्या सरड्याचा नर दगडावर चढून निळा-काळा-नारिंगी गळपंखा, म्हणजे गळ्याखालची पंख्यासारखी कातडी, उघडतो. २०१६ मध्ये अशा सरड्यांच्या गटाला शास्त्रीय नाव देताना आपला मराठी शब्दच घेतला, ‘सरडा’! तिथे पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी आणि हे सरडे जास्त, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. नुसतं पाहून हे कळलं नसतं, मोजावंच लागलं.

तुम्ही दोनशे मीटरची एक वाट ठरवा. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच चालीने जा. वेळ, ऊन-ढग, जागा, काय दिसलं ते लिहा. काहीच दिसलं नाही तो दिवसही लिहा. मुलं नेमका तोच गाळतात. दगड मुलांनी उचलायचे नाहीत, खाली फुरसं असू शकतं. मोठ्यांनी उचललाच तर त्याच खळग्यात, तसाच परत ठेवा. पहिल्या वर्षी मी घाईत दगड उलटेच टाकून पुढे गेले होते. पुढच्या खेपेला खालची ओल सुकलेली आणि तिथल्या पाली गेलेल्या. ते अजून मनाला लागतं.

कातीचा जवळून काढलेला फोटो मासिकाकडे पाठवा, मी पाहीन. शेपटी तुटली असेल तरी पाठीचा मधला भाग पुरेल.