म्हाताऱ्या मादीची विष्ठा पिल्लांना चारू का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्याकडे व्हाइट यॉर्कशायर जातीच्या 6 डुकरिणी आहेत. दूध तोडल्यावर काही पिल्लं खंगतात, धापा टाकतात, एखाद-दुसरं दगावतं. अमेरिकेत निरोगी डुकरिणीची विष्ठा पाजून पिल्लांना विषाणूच्या आजारातून वाचवलं, असं वाचलं. माझी एक जुनी मादी कधीच आजारी पडलेली नाही. तिची विष्ठा चारली तर चालेल का? सध्या हॉटेलचं खरकटं शिजवून त्यात प्रोबायोटिकची (उपयोगी जीवाणूंची) पावडर घालतो, पण गुण दिसत नाही.
– एक वराहपालक, कुडाळ तालुका

उत्तर : आधी पावडरीचं बघू, कारण तिचे पैसे तुम्ही रोज मोजताय. खरकटं चुलीवरून उतरवल्या उतरवल्या त्यात पावडर घालत असाल, तर पिल्लांच्या पोटात मेलेले जीवाणू जातात. अशा पावडरीतले लॅक्टोबॅसिलस जीवाणू आणि यीस्ट वाफाळत्या खाण्यात टिकत नाहीत. बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे बीजाणू (त्यांचं कवचबंद, झोपलेलं रूप) उष्णता सोसतात. तुमच्या पाकिटावर कोणती जात लिहिली आहे ते वाचा; जातही नाही आणि जिवंत जीवाणूंची संख्याही नाही, तर ते पाकीट दुकानदाराला परत करा. खाणं हाताला कोमट लागलं की मगच पावडर मिसळायची. खरकटं मात्र ढवळत किमान अर्धा तास खदखदू द्या, त्यात कसूर नको.

आता अमेरिकेचं. बातमी खरी आहे. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत (गावाचं नाव मॅनहॅटन, पण न्यूयॉर्कचं नव्हे) मेगन नीडरवेर्डर आणि सहकाऱ्यांनी हे काम केलं, 2018 मध्ये ते छापून आलं. पीआरआरएस (डुकरांचं श्वसन आणि प्रजनन बिघडवणारा विषाणू) आणि पीसीव्ही-2 (डुकरांचा सर्कोव्हायरस) हे दोन विषाणू एकत्र आले की पिल्लांची दैना होते. दोघेही थेट रोगप्रतिकारक पेशींवरच घाला घालतात. पीसीव्ही-2 एकटा असला तर बऱ्याच कळपांत गुमान पडून राहतो. पीआरआरएसची जोड मिळाली की पिल्लं वाळू लागतात, श्वास लागतो. त्याआधी याच मंडळींनी एक गोष्ट टिपली होती : दोन्ही विषाणू दिलेल्या पिल्लांपैकी जी तगली, त्यांच्या आतड्यात जीवाणूंच्या जाती जास्त होत्या. मग त्यांनी दहा-दहा पिल्लांचे दोन गट केले. एकाला निरोगी माद्यांच्या विष्ठेतले जीवाणू 7 दिवस तोंडावाटे दिले, नंतर दोन्ही गटांना विषाणू टोचले. पहिल्या गटात आजार आणि मरतूक कमी, वाढ बरी, पीआरआरएसविरुद्धची प्रतिपिंडं जास्त.

फुप्फुसाच्या रोगात आतड्याचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. शरीराच्या प्रतिकार पेशींचा मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो, आणि त्या पेशींना तालीम देतात ते तिथले जीवाणू. आईचं दूध सुटतं, खाणं बदलतं, त्या दिवसांत पिल्लाच्या पोटातली वस्ती उलथीपालथी होते. तुमची पिल्लं नेमकी तेव्हाच खंगतात, हे लक्षात घ्या.

तरीही तुमच्या जुन्या मादीची विष्ठा चारू नका. तिकडच्या माद्या तपासून, पारखून निवडल्या होत्या. तुमची मादी आजारी पडली नाही एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या पोटात जंत, साल्मोनेला किंवा एखादा विषाणू नाही, हे ठाऊक नाही. म्हातारं जनावर रोग पचवून बसलेलं असतं, पिल्लू पचवू शकत नाही. शिवाय स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या तापाचे विषाणू, नेहमीचा (क्लासिकल) काय नि आफ्रिकन काय, विष्ठेतूनही पसरतात. आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात शिरला, त्याचं नाव काढलं की मला अजून धडकी भरते. आफ्रिकेतल्या रानडुकरासारख्या वॉर्टहॉगला तो विषाणू बाधत नाही म्हणून स्पेनमधल्या संशोधकांनी वॉर्टहॉगची विष्ठा पाळीव डुकरांना देऊन पाहिली. सौम्य केलेल्या विषाणूपासून काही अंशी बचाव झाला, एवढंच. त्यावर गोठा सोडता येत नाही.

दूध तोडताना मादीला हलवा, पिल्लांना आठवडाभर त्याच खोपटात राहू द्या. त्यांचं नवं खाणं आई जवळ असतानाच थोडं थोडं सुरू करा. दोन विणींची पिल्लं एकत्र कोंबू नका. आणि पिल्लू शिंकलं की पाण्यात प्रतिजैविक ओतायची सवय असेल तर ती सोडा. विषाणूला ते लागू पडत नाही, पोटातले उपयोगी जीवाणू मात्र साफ होतात. कोलिस्टिन तर खाद्यजनावरांसाठी 2019 पासून बंदच आहे, कुणी दिलं तरी घेऊ नका.

नेहमीच्या (क्लासिकल) स्वाइन फीवरची लस टोचली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उद्याच जा. पुढचं पिल्लू दगावलं की पुरायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना बोलवा, नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायला सांगा. कुठला विषाणू आहे हे कळल्याशिवाय जीवाणूंवर आणखी खर्च करू नका.