टेप आणि स्टूल घेऊन आधी पार्किंगमध्ये जा

चि.,
अनेक आशीर्वाद.

कोथरूडचा फ्लॅट, हिंजवडीची नोकरी, चिपळूणला आई-बाबा, बाबांचे दुखरे गुडघे आणि बारा-चौदा लाखांचं बजेट. तुझ्या पत्रातल्या एवढ्या माहितीवर ‘छोटी गाडी घेऊ की मोठी’ याचं उत्तर देता येतं. ऑफिसातली मंडळी ‘घ्यायचीच तर मोठी घे’ म्हणतात, पण ती गाडी रोज लावायची तुला आहे. तुला छोटी गाडी पुरेल असं माझं मत आहे. फक्त ती नीट पारखून घ्यावी लागेल आणि ते काम मोठी गाडी घेण्यापेक्षा जास्त कष्टाचं आहे.

आधी वर्षाचं रनिंग कागदावर मांड. घर ते ऑफिस एका बाजूने १७ किलोमीटर धर. कामाचे २५० दिवस, म्हणजे साडेआठ हजार किलोमीटर. उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण सव्वादोनशे किलोमीटर. वर्षाला सहा खेपा केल्यास सत्तावीसशे. किरकोळ फिरणं धरून १२ हजार. यातल्या साडेआठ हजारांत गाडीत एकच माणूस असणार, आणि तेही चांदणी चौक ते वाकड पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. छोटी पेट्रोल गाडी अशा मिश्र वापरात लिटरला १६ देईल, मोठी ऑटोमॅटिक पेट्रोल ११ देईल असं धरू. ७५० लिटर आणि १०९० लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला ३५ हजारांचा फरक पडतो. ब्रोशरमधला आकडा इथे वापरू नकोस, तो प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो.

‘मोठी’ या शब्दानेही फसगत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रेघ अशी आहे: लांबी ४००० मिमीच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल १५०० सीसीपर्यंत) असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. म्हणून नेक्सॉन ३९९५ मिमीवर थांबते. चार मीटरच्या आत असूनही पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्यामुळे ब्रेझा ४० टक्क्यांत जाते. शोरूममध्ये एसयूव्ही म्हणून दाखवतात त्यातल्या कितीतरी गाड्या मुळात उंच केलेल्या हॅचबॅक आहेत. पंच, नेक्सॉन, ब्रेझा, क्रेटा या सगळ्यांचं इंजिन पुढचीच चाकं ओढतं. चिखलात चाक फिरायला लागलं की बॉनेटची उंची कामाला येत नाही.

लांबीपेक्षा रुंदी जास्त नडते. वॅगन आर १६२० मिमी, स्विफ्ट १७३५, क्रेटा १७९०, नेक्सॉन १८०४, स्कॉर्पिओ एन १९१७. हे आकडे आरसे सोडून आहेत. वॅगन आर आणि स्कॉर्पिओ एनमध्ये जवळजवळ एक फुटाचा फरक पडला. सदाशिव पेठेत दोन्ही बाजूंना दुचाक्या लागलेल्या असताना समोरून रिक्षा आली, तर निघायचं की थांबायचं हे तो एक फूट ठरवतो.

तुझ्या सोसायटीत गाड्या एकावर एक थरांत ठेवणारं यांत्रिक पार्किंग आहे, म्हणून आता टेप घे. खांबापासून खांबापर्यंतचं अंतर मोज आणि तुझा दरवाजा ज्या बाजूला उघडेल तिथे ६० सेंटीमीटर मोकळे राहतात का पाहा. त्याहून कमी राहिले तर रोज अंग आखडून उतरावं लागतं आणि दाराची कड खांबावर घासते. मग मशीनवरची पाटी वाच. त्यावर कमाल लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहिलेलं असतं. अनेक ठिकाणी काही थरांना उंचीची मर्यादा १५५० मिमी असते, त्यात १५२० मिमीची स्विफ्ट जाते. १६७५ मिमीची वॅगन आर छोटी असूनही जात नाही, पंचही जात नाही. पाटी वाचायच्या आधी बुकिंगचा चेक फाडू नकोस. सेक्रेटरींना विचार की तुझ्या नावावर कोणता थर आहे, आणि तो बदलून मिळतो का.

हे एवढ्यासाठी विचारायचं की बाबांच्या गुडघ्यांना नेमकी उंच गाडी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीची लांबी उपयोगाची नाही, सीटची उंची उपयोगाची. सीट खुर्चीच्या उंचीला असेल तर माणूस पाठ वळवून बसतो आणि पाय आत घेतो. सीट खाली असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. फार उंच असेल तर पायरी चढावी लागते, तेही वाईट. बाबांना शोरूममध्ये घेऊन जा आणि प्रत्येक गाडीत पाच-पाच वेळा चढ-उतार करायला सांग. पहिल्या वेळी सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. चौथ्या-पाचव्या वेळी हात आपोआप दाराच्या चौकटीकडे जातो का, ते बघ. पार्किंगमध्ये उंच थर मिळाला तर उंच बांध्याची छोटी गाडी तुझ्यासाठी सगळ्यात योग्य. नाही मिळाला तर बुटकी हॅचबॅक घे, पण ड्रायव्हरच्या शेजारची सीट वरखाली होणारं व्हेरिएंट मिळतं का ते तपास, आणि बाबांना पुढेच बसव.

आता स्टूल. साधं प्लास्टिकचं, दीड फुटाचं. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी तू ड्रायव्हरच्या सीटवर बस आणि कुणालातरी ते बंपरला टेकवून ठेवायला सांग. मग ते हळूहळू पुढे सरकवायला सांग. वरची कड दिसली की थांब, आणि बंपरपासूनचं अंतर मोज. छोट्या गाडीत आणि मोठ्या गाडीत, दोन्हीकडे कर. सीट नेहमीच्या उंचीवर ठेव, मान उंचावू नकोस. सोसायटीच्या आवारात खाली बसून खेळणारं पोर त्या स्टुलाएवढंच असतं. मागे कॅमेरा बहुतेक गाड्यांना असतो, पुढे फार थोड्यांना. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ साली पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास मांडला. बॉनेटची कड ४० इंचांपेक्षा उंच असेल तर, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, धडकलेला माणूस दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. बुटकं बॉनेट पायांवर आदळतं आणि माणूस वर फेकला जातो. उंच, उभं बॉनेट थेट छाती-डोक्यावर आदळतं आणि माणूस खाली जातो. गाडी निवडताना हे कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

तुझी खरी भीती मात्र आतल्या माणसांची आहे, आणि ती खोटी नाही. हजार किलोची गाडी दोन हजार किलोच्या गाडीवर समोरासमोर आदळली तर हलक्या गाडीतल्यांना जास्त धक्का बसतो. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनसीएपीची समोरची चाचणी ताशी ६४ किलोमीटरने ठरावीक अडथळ्यावर होते, त्यामुळे छोट्या गाडीचे पाच तारे आणि मोठ्या गाडीचे पाच तारे एकाच मापाचे नसतात. पण एकाच वजनाच्या दोन छोट्या गाड्यांत एक तारा आणि पाच तारे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून छोटी घेताना तडजोड इथे नको: चांगलं रेटिंग, सहा एअरबॅग, घसरणारी गाडी सावरणारी ईएससी, पाचही सीटना तीन-बिंदूंचे पट्टे. सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय यांवरचे पैसे इकडे वळव. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, चिपळूणच्या बाजारात जायचं असलं तरी. पट्टा न लावलेला मागचा माणूस धडकेत पुढच्या सीटवर येऊन आदळतो, गाडी कितीही मोठी असो.

खड्ड्यांसाठी मोठी गाडी हवी असं तू म्हणतोस. खड्डा आधी टायर सोसतं, मग सस्पेन्शन. टायरवरचे आकडे वाचायला शीक. १६५/८० आर१४ म्हणजे रुंदी १६५ मिमी आणि बाजूच्या रबराची उंची त्याच्या ८० टक्के, १३२ मिमी. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला हे टायर येतं. क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटला २१५/६० आर१७ येतं. त्याचं रबर भरतं १२९ मिमी. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामधली गादी छोट्या गाडीत उलट तीन मिमी जाड! शिवाय पत्र्याची रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकली की बदलावीच लागते. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भर. पूर्ण लोडचा आकडा वेगळा असतो, घाटात जाण्याआधी तो बघ.

ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतल्या अंतराचं म्हणशील तर स्विफ्टचे १६३ मिमी रिकाम्या गाडीत पुरतात. चार माणसं आणि सामान बसलं की गाडी खाली बसते आणि नियमबाह्य, टोकदार स्पीड ब्रेकरवर पोट घासतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात बसणारा ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावर कुठलीच गाडी घासत नाही. वाटेतला बेढब ब्रेकर तिरका घे, एकेक चाक चढव. पुराच्या पाण्यात मात्र उंच गाडीवाल्यांनीही शहाणपणा करू नये. इंजिन हवा ओढतं ती जाळीमागून. तिथे पाणी शिरलं तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारू नकोस, ढकलून बाहेर काढ. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी तरंगू शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात.

कुंभार्ली घाटात छोटी गाडी ‘चढत नाही’ म्हणतात, ती चालवणाऱ्याची चूक असते. १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची ओढ वरच्या फेऱ्यांवर असते. स्विफ्टमध्ये ११२ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ४३०० आरपीएमला मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये १८०० वर गाडी गुदमरते आणि आपण पाय दाबत बसतो. वळण दिसलं की वळणाच्या आधी दुसरा टाक आणि काटा ३००० च्या वर ठेव. एएमटी, म्हणजे स्वतःच गिअर बदलणारी गाडी असेल तर मॅन्युअल मोड लाव, नाहीतर ती नेमकी वळणात गिअर बदलत बसते. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकचा करपट वास आला तर सुरक्षित जागा बघून वीस मिनिटं थांब, चाकांवर पाणी ओतू नकोस.

तुझ्या भावाने सुचवलेली वापरलेली डिझेल एसयूव्ही या रोजच्या रस्त्याला सगळ्यात अयोग्य. बीएस६ या प्रदूषण-नियमातल्या डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. काजळी जाळायला एक्झॉस्ट खूप तापावं लागतं आणि रखडत चाललेल्या १७ किलोमीटरमध्ये ते तापत नाही. मग दिवा लागतो. त्याच दिवशी हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने चालवली तर तो बहुधा जातो. दुर्लक्ष केलं तर ताकद तुटते आणि काम वर्कशॉपवर जातं. काजळी जाळण्याचा प्रयत्न सारखा अर्धवट राहिला तर जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नकोस, ऑइल बदल.

मोठी गाडी ज्यांना खरोखर लागते ते लोक वेगळे. घरात रोज सहा-सात माणसं बसतात, वाडीपर्यंत नुसत्या दगडांचा रस्ता आहे, आंब्याच्या पेट्या न्यायच्या आहेत, व्हीलचेअर सोबत आहे, किंवा वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर हायवे आहे. तुमच्या घरी गणपतीला सात जण जाता, ते वर्षातून एकदा. त्या वेळी ड्रायव्हरसह सात सीटची गाडी कर. किलोमीटरला १८ रुपये धरले तर जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरचे आठ हजार शंभर. सोडून परत पाठव आणि न्यायला पुन्हा बोलाव, म्हणजे दुप्पट, टोल वेगळा. गाडी तिथेच थांबवून ठेवलीस तर रोजचं किमान अंतर लावतात आणि ते महाग पडतं. गर्दीच्या दिवसांत दर चढतात, म्हणून आषाढातच ठरवून टाक.

या रविवारी पार्किंगची मापं आणि मशीनच्या पाटीचा फोटो पाठव. थराची उंची कळली की बाबांसाठी कोणत्या दोन-तीन गाड्या बघायच्या ते लिहितो. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका