खासगी फोटोंची तयारी : वाचक विचारतात

बुद्वार शूट म्हणजे बंद खोलीत, अंतर्वस्त्रांत किंवा मोजक्या कपड्यांत, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःसाठी काढून घेतलेले फोटो. त्याबद्दल किनारपट्टीवरून बरीच पत्रं आली. बहुतेकींना दोनच गोष्टी विचारायच्या आहेत : अंगावर काय घालू, आणि या दमट हवेत मेकअप टिकवू कसा. निवडक पत्रांची उत्तरं इथे देतो आहोत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

माझं लग्न मे महिन्यात आहे. त्याच्या पंधरा दिवस आधी शूट ठरलंय. वॅक्सिंग, फेशियल, ब्लीच सगळं आदल्या दिवशी एका फेरीत उरकलं तर चालेल का? (चिपळूण)

नाही चालणार. वॅक्सिंगनंतर केसांची छिद्रं उघडी असतात. त्यांत एप्रिल-मेचा घाम गेला की दुसऱ्या दिवशी मांड्यांवर आणि काखेत बारीक पुरळ उठतं. चेहऱ्यावरचं पुरळ मेकअपखाली जातं, मांडीवरचं जात नाही. म्हणून वॅक्सिंग ३ दिवस आधी करा. केस तांदळाच्या दाण्याएवढे तरी वाढलेले हवेत. त्याहून आखूड केस मेणात धरले जात नाहीत, अर्धवट तुटतात, मग आतल्या आत वळतात आणि तिथे फोड येतो. पुढचे दोन दिवस सैल सुती कपडे घाला, कोमट पाण्याने आंघोळ करा. समुद्रात डुंबणं आणि घासणीने अंग घासणं दोन्ही बंद.

भुवया २ दिवस आधी कोरा. फेशियल हवंच असेल तर आठवडाभर आधी, आणि पूर्वी केलेलं व सोसलेलंच. ब्लीच आजवर केलं नसेल तर या निमित्ताने सुरू करू नका. नवं क्रीम, खोट्या पापण्यांचा गोंद, कपडा अंगाला धरून ठेवणारी चिकटपट्टी, सगळं आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहायचं. मेंदी शूट झाल्यावर काढा. अर्धी उतरलेली मेंदी जवळच्या फोटोत मळासारखी दिसते.

फोटोग्राफर ताईंनी "तीन-चार सेट आणा" एवढंच सांगितलं आहे. कोणते आणायचे, आधी कोणता घालायचा? (रत्नागिरी)

दोन तासांच्या शूटला ३ सेट पुरतात. प्रत्येक बदलाला केस आणि मेकअप सावरण्यासकट पंधरा-वीस मिनिटं जातात. चौथा सेट हमखास घाईत उरकला जातो.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी सैल, शेवटी घट्ट. ढगळ पांढरा शर्ट, मलमलची साडी किंवा पातळ रोब पहिला घ्या, लेसचा अंगाबरोबर बसणारा सेट शेवटी. कारण इलॅस्टिकचे वळ. ब्राचा पट्टा, निकरची कड, लेगिंगची शिवण यांचे वळ कातडीवर उमटले की ते जायला दोन-तीन तास लागू शकतात. मेकअपने ते बुजत नाहीत, कारण तिथे नुसता रंग बदललेला नसतो, खाच पडलेली असते. तेव्हा शूटच्या किमान ३ तास आधीपासून आतून काही न घालता सैल गाऊन घालून राहा आणि तसंच निघा. घड्याळ, मोजे, मनगटावरचा केसांचा रबर, गळ्याला घट्ट बसणारी ठुशी, हे सगळं उतरवून ठेवा.

रोज साडी नेसणाऱ्यांच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळसर पट्टा असतो, तो वेगळा. तो वर्षानुवर्षांच्या घर्षणाचा डाग आहे. आठवडाभर लिंबू चोळून जात नाही, उलट कातडी जळजळते. त्यावर फाउंडेशनचा जाड थर दिलात तर कमरेवर ठिगळ दिसेल आणि चादरीला रंग लागेल तो वेगळाच. त्यापेक्षा उंच कमरेची निकर घ्या किंवा साडीची निरी तिथून जाऊ द्या. फोटोग्राफरला आधी सांगितलंत तर ती तो भाग सावलीत ठेवेल. आमचं विचाराल तर तो पट्टा दिसला म्हणून फोटो बिघडत नाही.

आता माप. शूटसाठी घेतलेली ब्रा बरेचदा चुकीच्या मापाची असते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत घालून पाहायची सोय नसते आणि काउंटरपलीकडचे दादा अंदाजानेच डबा काढतात. घरी मोजा : छातीच्या खाली टेप जमिनीशी समांतर आणि नीट बसती धरा, मग छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून सैल धरा. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, पट्ट्याखाली दोन बोटं जावीत आणि मागचा पट्टा वर सरकू नये. मागे पट्टा चढतो म्हणजे घेर मोठा आहे. कपाच्या वरून मांस बाहेर येतं म्हणजे कप लहान आहे. महिनाभर आधी घ्या, म्हणजे बदलायला वेळ राहतो. लेस एकदा धुऊन, तासभर घालून पाहा. कोरी लेस टोचते आणि जिथे टोचते तिथे लाल चट्टा उठतो. लेबलं कापून टाका. पाठमोऱ्या फोटोत ती हटकून डोकावतात.

पॉलिएस्टर सॅटिनचं आकर्षण समजतं, पण आपल्या हवेत ते अंगाला चिकटतं आणि राखाडी, गुलाबी, फिकट निळ्यावर घामाचा डाग लगेच दिसतो. वाइन, बाटली हिरवा, गडद निळा किंवा सायीसारखा पांढरा घ्या. इस्त्री आदल्या रात्रीच, उलट बाजूने, कमी आचेवर, वर सुती फडकं ठेवून. सकाळी वीज असेलच असं गृहीत धरू नका.

मी सावळी आहे. इथल्या पार्लरमध्ये मेकअप केला की फोटोत चेहरा राखाडी-पांढरा आणि गळा वेगळाच येतो. फ्लॅश मारला की आणखी वाईट. (मालवण)

यात तीन वेगळ्या चुका मिसळल्या आहेत.

पहिली, "थोडं उजळ करूया" म्हणून लावलेलं दोन शेड फिकट फाउंडेशन. लग्नाच्या फोटोत शालू आणि दागिने ते सांभाळून घेतात. इथे गळा, खांदे, पोट सगळं एकाच चौकटीत असतं, त्यामुळे फरक उघडा पडतो. शेड हाताच्या पंजावर पाहू नका. जबड्याच्या कडेला आणि गळ्याखाली छातीवर एकेक रेघ ओढा, खिडकीशी उभ्या राहा आणि १० मिनिटं थांबा. बरीच फाउंडेशनं हवा लागल्यावर गडद होतात. त्यानंतर जी रेघ नाहीशी होईल ती तुमची शेड. चेहरा आणि छाती यांत फरक असेल तर छातीशी जुळवा. डोळ्यांखालच्या काळेपणावर फिकट कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम) थेट लावला की तो राखाडी दिसतो. आधी काळेपणा मारणाऱ्या नारिंगी करेक्टर क्रीमचा अगदी पातळ थर द्या, त्यावर आपल्याच शेडचा कन्सीलर.

दुसरी, फ्लॅश. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आणि सिलिकाची पांढरी पावडर समोरून आलेला फ्लॅश परत फेकते. त्या दिवशी खोलीतच राहणार असाल तर सनस्क्रीन वगळा, पावडर कातडीच्या रंगाची घ्या. खात्री करायची असेल तर मेकअप झाल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने समोरून एक फोटो काढून पाहा. फोटोग्राफर खिडकीच्या उजेडात काम करणार असेल तर हा प्रश्नच येत नाही.

तिसरी, घाम. चेहरा धुऊन २० मिनिटं पंख्याखाली बसा, मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर फिरवा. अंग निवण्याआधी मेकअप सुरू केला तर थर घामावर तरंगतो आणि नाकपुड्यांशेजारी फाटतो. प्रायमर, म्हणजे फाउंडेशनखालचं क्रीम, फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर. फाउंडेशन ओल्या स्पंजने दाबत, दोन पातळ थरांत. जाड एक थर नको. वर थोडी पावडर दाबा आणि शेवटी मेकअप बसवणारा सेटिंग स्प्रे. शूट चालू असताना घाम आला तर पुसू नका. टिश्यूचा एकच पदर काढून दाबा, मगच पावडर. ओल्यावर पावडर मारली की गोळे होतात.

काजळ डोळ्याच्या आतल्या कडेला जेल पेन्सिलीचं, पाण्याने न पसरणारं. या फोटोंत नजर बरेचदा खाली असते, म्हणजे पापण्याच पुढे येतात. तिथे घडीत साचलेली आयशॅडो लगेच दिसते. पापणीवरही कन्सीलर अगदी पातळ लावून पावडरने बसवा. लिपस्टिक आधी फिकट, गडद लाल शेवटच्या सेटला. लाल पुसल्यावर ओठांभोवती डाग राहतो.

अंगाला चमक हवी म्हणून खोबरेल चोपडू नका. दोन्ही नडग्यांना मिळून ४-५ थेंब, खांद्याच्या हाडांवर एकेक, बस. जास्त झालं की पांढरे ठिपके चमकतात, सॅटिनला डाग पडतो आणि चिकटपट्टी निसटते.

शूट आमच्या जुन्या घरात, माडीवर करायचं आहे. भिंती जांभ्याच्या, खिडकीबाहेर दाट बाग. कोणता रंग शोभेल? (देवगड)

जागा सुंदर आहे, पण उजेड फसवा आहे. आंब्या-फणसाच्या पानांतून येणारा प्रकाश हिरवट असतो आणि तो कातडीवर आजारी दिसतो. खिडकीवर पांढरं जुनं धोतर किंवा एकेरी चादर ताणून बांधा. हिरवेपणा पूर्ण जाणार नाही, पण उजेड मऊ होईल. गालांवर पीच किंवा गुलाबी ब्लश नेहमीपेक्षा किंचित जास्त लावा. जांभ्याचा तांबूस रंग उलट अंगावर ऊब टाकतो, म्हणून विटकरी, नारिंगी, तपकिरी कपडे टाळा, भिंतीत मिसळून जातात. सायीसारखा पांढरा आणि गडद हिरवा तिथे छान उठतो. काळं मात्र अशा कमी उजेडाच्या खोलीत नको, लेसची सगळी नक्षी एक काळा ठसा होऊन बसते.

आणि पाय! पलंगावरच्या फोटोत तळवे दिसतात. आठवडाभर रोज रात्री टाचा दगडाने घासून पेट्रोलियम जेली आणि मोजे. शूटच्या दिवशी पलंगावर चढेपर्यंत पायांत स्लिपर ठेवा, नाहीतर पडवीतली तांबडी माती चादरीवर उतरते.

आजीची नऊवारी नेसून, ब्लाउजशिवाय फोटो काढायचे आहेत. पैठणी की सुती? (अलिबाग)

सुती, जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. पैठणीची जर उघड्या कातडीला ओरखडते आणि कापड अंगापासून उभं राहतं. काष्ट्याच्या आत कातडीच्या रंगाची बिनशिवणीची शॉर्ट घाला. पदर खांद्यावर पिनेने नव्हे, चिकटपट्टीने धरा, आणि ती जागा आधी कोरडी करून घ्या, तेल-पावडर काही नको. नथ शेवटी घाला. केसांत सुरंगीचा वळेसर मिळाला तर त्याला तोड नाही. पण शूट लांबणार असेल तर अबोली जास्त टिकते.

केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशीचे धुतलेले केस निसटतात. मशीनचे कुरळे आपल्या हवेत तासाभरात सैल पडतात. रात्री किंचित ओल्या केसांच्या ४-५ वेण्या घाला, पूर्ण वाळल्यावरच सोडा, मग सीरमचे २-३ थेंब.

गाव लहान, मेकअपवाली ओळखीची. तिने "बिफोर-आफ्टर" रील टाकलं तर? (सावंतवाडी)

तिला शूट कसलं आहे हे सांगायलाच हवं असं नाही. साखरपुड्याचा हलका मेकअप करून मागा, आणि गळा-खांद्यांचं काम स्वतः करा. ती शूटच्या जागी येणार असेल तर मोबाइल बाहेर ठेवायला सांगा. मेकअपवाली असो की फोटोग्राफर, फोटो कुठे ठेवणार, कधी पुसणार, कुठेही टाकणार नाही, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या. फोटो काढू देण्याला संमती दिली म्हणजे तो पसरवायला दिली असं होत नाही. अशा खासगी फोटोंना भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागू होतं, आणि पहिल्याच गुन्ह्याला १ ते ३ वर्षं कैद आणि दंड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं खासगीपणाच्या भंगाबद्दलचं कलम ६६ई वेगळं.

किनाऱ्यावर, सूर्यास्ताला काढले तर? (गुहागर)

वाळू लोशनला चिकटते, खारा वारा केस विस्कटतो, आणि बघ्यांच्या मोबाइलवर तुमचं नियंत्रण नाही. पश्चिमेची खिडकी असलेली खोली शोधा, तोच उजेड आत येतो.

सिझेरियनचा व्रण आणि पोटावरच्या रेघा झाकायच्या आहेत. (दापोली)

व्रण उंच कमरेच्या निकरमध्ये जातो. रेघांवर मेकअप नको. घडी पडली की तो तडकतो. समोरचा उजेड त्या पुसट करतो, बाजूचा उठवतो. फोटोग्राफरला एवढंच सांगा.

पावसाळ्यात कपाटातल्या लेसवर बुरशीचे ठिपके आलेत. (राजापूर)

पांढऱ्या सुतीवरचे कधी कधी जातात, लेसवरचे फार क्वचित. जवळून काढलेल्या फोटोत ते दिसतातच, म्हणून तो नग बाद करा. नवा घेतलात तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती पिशवीत ठेवा आणि उघडीप मिळाली की सावलीत वाळवा.

वय ५४, चष्मा आहे. मेकअप कितपत करू? (वेंगुर्ला)

फाउंडेशन निम्मं, पावडर फक्त नाकावर. डोळ्यांखाली पावडर साचली की सुरकुत्या रेघांसारख्या उठतात. तिथे मॉइश्चरायझर लावून १० मिनिटांनी कन्सीलरचा एकच ठिपका, बोटाने दाबून. भुवया विरळ झाल्या असतील तर पेन्सिलीने केस काढल्यासारख्या बारीक रेघा भरा, चेहरा लगेच नीट दिसतो. चष्मा काढून फोटो हवे असतील तर ते आधी घ्या. नाकावरचे खळगे जायला वेळ लागतो, म्हणून घरून निघताना चष्मा पर्समध्ये ठेवा आणि सोबतीला कुणाला तरी घ्या. चष्म्यासकट हवे असतील तर फोटोग्राफरला दांड्या कानावर किंचित उचलायला सांगा, म्हणजे काचा खाली झुकतात आणि खिडकीचं प्रतिबिंब निघून जातं.