छत्रपती संभाजीनगरजवळ मुलांना व ज्येष्ठांना घेऊन चढता येईल आणि वरून तळे दिसेल अशी टेकडी कोणती?

सहा आणि नऊ वर्षांची दोन मुले, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि एकच सुट्टीचा दिवस, अशा परिस्थितीत थोडे चालणे व्हावे आणि वर पोहोचल्यावर पाणी दिसावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर खुलताबादजवळचे शुलीभंजन हे आहे. देवगिरीचा किल्ला शहराला अधिक जवळ असला, तरी त्याच्या पायऱ्या आणि अंधारी, म्हणजे आतला काळोखा भुयारी मार्ग, सासूबाईंना झेपणार नाहीत, आणि त्यांना खाली बसवून बाकीच्यांनी वर जायचे, म्हणजे सहलीचा निम्मा आनंद खालीच राहतो. शुलीभंजनला डोंगरावरच्या दत्तमंदिरापर्यंत वाहनाचा रस्ता आहे. त्यामुळे ज्यांना चालवत नाही त्यांनी गाडीने वर जावे, बाकीच्यांनी चढणीच्या अलीकडे उतरून पायी यावे आणि मंदिरापाशी सगळ्यांनी एकत्र भेटावे, ही सोय या डोंगराइतकी सहज मला आपल्या भागात दुसरीकडे आढळली नाही.

शहरापासून खुलताबाद सुमारे २५ किलोमीटर आहे आणि तेथून शुलीभंजन थोड्याच अंतरावर आहे. सकाळी साडेसहाच्या आत घर सोडले, तर ऊन डोक्यावर येण्यापूर्वी चढण संपते. आमची मुलगी सहा वर्षांची असताना आम्ही रस्त्याच्या कडेने रमतगमत चढलो होतो, आणि मध्ये दोनदा पाणी प्यायला बसूनही आम्हाला पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागला नव्हता. मधल्या पायवाटांनी वळणे वाचतात हे खरे असले, तरी मुले सोबत असताना त्या वाटांना जाऊ नये. तेथे मुरूम सुटा आहे, आणि पावसाळ्यात काळ्या खडकावर जे शेवाळ धरते ते कोरड्या दगडासारखेच काळे दिसते. एका भुरभुर पावसानंतर माझा स्वतःचा पाय त्यावरून असा सटकला होता की कोपर महिनाभर दुखत होते, आणि तेव्हापासून मी डांबरी रस्ता सोडलेला नाही.

वरून जे तळे दिसते त्याला परियों का तालाब म्हणतात. भरलेल्या तळ्यात ढगांची सावली एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकताना दिसते आणि मुलेसुद्धा गप्प होऊन ती पाहत राहतात. परंतु येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण तिच्यावरच आपला दिवस अवलंबून आहे. मराठवाड्यातील तळे पाहायचे तर महिना पाहून निघावे लागते. आम्ही एकदा चैत्रात पाहुण्यांना हौसेने तेथे घेऊन गेलो आणि मुलीने वरून खाली पाहत तीन वेळा विचारले, ‘पाणी कुठंय?’ तळाच्या गाळाला पडलेल्या भेगांपलीकडे तिला दाखवण्यासारखे काहीच नव्हते. म्हणून चांगला पाऊस झालेल्या वर्षी भाद्रपद ते कार्तिक हा काळ धरावा. दिवाळीनंतर गवत वाळून त्याची कुसळे मोज्यांत आणि लोकरी कपड्यांत रुततात आणि मुले रडकुंडीला येतात, तेव्हा त्या दिवसांत गुळगुळीत सुती कापडाच्या पूर्ण लांबीच्या विजारी घालाव्यात. तळे वरून पाहावे, मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. गाळाच्या काठाचा अंदाज मोठ्यांनाही येत नाही.

सासूबाईंना हे ठिकाण आवडेल याची मला खात्री वाटते. पैठणच्या एकनाथ महाराजांनी गुरू जनार्दनस्वामींच्या आज्ञेने येथे तपश्चर्या केली आणि दत्तात्रेयांनी त्यांना येथेच दर्शन दिले, अशी परंपरा आहे. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, त्यामुळे येताना वाटेत जो किल्ला दिसतो तो आणि हा डोंगर एकाच कथेत बसतात, आणि ती कथा नातवंडांना आजीनेच सांगावी. माझ्या आईने ती मंदिराच्या ओट्यावर बसून सांगितली होती. डोंगराच्या परिसरात सूर्यकुंडही आहे. मुलांसाठी मात्र खरे आकर्षण मंदिराजवळच्या त्या शिळेचे असते, जिच्यावर लहान दगडाने हलके टकटक केले की धातूच्या भांड्यासारखा नाद निघतो. माझ्या मुलीने एका हाताने दगड टकटक वाजवत, कान शिळेला लावून जागोजागचा आवाज ऐकला, आणि एके ठिकाणी तो बारीक व दुसरीकडे जाड का येतो, हे विचारून आम्हाला निरुत्तर केले. शिळेवर जोराने घाव मात्र घालू देऊ नयेत.

दिवस निवडताना गुरुवार आणि दत्तजयंती टाळावी, तसेच श्रावणातला शनिवारही टाळावा, कारण आदल्या रात्रीपासूनच भाविक शहरातून भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी निघतात आणि खुलताबादचा रस्ता माणसांनी भरून जातो. म्हैसमाळही याच बाजूला आहे. तेथे सपाट पठार, गिरिजादेवीचे मंदिर आणि तलाव आहे, पण पावसाळ्यातील रविवारी तेथे इतकी वाहने येतात की मुलांचा हात क्षणभरही सोडता येत नाही.

पाणी माणशी दोन लिटर घरूनच न्यावे. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी एवढे जेवण पुरते, मात्र वानरे असल्यास डबा उघड्यावर सोडू नये, आणि पिशव्या व कागद परत आणावेत. पायी उतरताना मुलांना मोठ्यांच्या मागे ठेवावे, कारण उतारावर ती पळत सुटतात आणि वळणावर समोरून गाडी येते. सासूबाईंची गाडी पायी उतरणाऱ्यांच्या आधी खाली न पाठवता सर्वांत शेवटी निघू द्यावी, म्हणजे एखादे मूल दमले तर मागून येणाऱ्या गाडीत त्याला बसवता येईल.