‘जोकच होता ना!’ म्हटलं की भागतं का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. एक सभासद जातीवरून, परप्रांतीयांवरून सारखे ‘विनोद’ टाकतात. हटकलं की म्हणतात, ‘जोकच होता ना, मनाला काय लावून घेता!’ रेघ नेमकी कुठे ओढायची? उद्या पोलीस केस झाली तर मलाही धरतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकणाऱ्याच्या मनात काय होतं, यावर वाद घालू नका. तो वाद संपत नाही. मजकूर वाचा.

‘पुणेकर दुपारी एक ते चार देवालाही दार उघडत नाहीत.’ ही सवयीची थट्टा, पुणेकरही हसतात. आता हे वाचा : ‘ते लोक म्हणजे झुरळं, बिल्डिंगमध्ये एक शिरलं की महिन्यात दहा.’ खाली हसरी इमोजी. इथे माणसाला कीड ठरवलंय, आणि किडीचं काय करायचं हे कोणाला सांगावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात कोणाचा फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय निघतो, तेव्हा या मेसेजने आपलं काम केलेलं असतं.

म्हणून दोन गोष्टी आधी बघा : माणसाला जनावर, कीड, रोग किंवा घाण म्हटलंय का? घर देऊ नका, कामाला ठेवू नका, हाकलून द्या असं काही सुचवलंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर मेसेज त्याच दिवशी काढा. यातलं काहीच नसेल, पण रोख वागण्यावर नसून जन्मावर असेल, तर किती वेळा आणि कोणासमोर हे पाहा. एकाच समाजावर आठवड्यात तिसरा ‘विनोद’ आला तर ती थट्टा राहत नाही. आणि त्या समाजाचं तुमच्याकडे एकच बिऱ्हाड असेल तर पहिल्याच वेळी बोला. त्या घरातल्यांनी तक्रार करण्याची वाट बघू नका.

कायद्याची रेघ याच्या बरीच पलीकडे आहे. धर्म, भाषा, जात, जन्मस्थान यांवरून गटागटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली (पूर्वीचं १५३अ) गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण शब्दांचा परिणाम जोखताना खंबीर, समंजस माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा, जिथे-तिथे धोका दिसणारा नाही, हा निकष नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९४६ साली घालून दिला. कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचा गुन्हा रद्द करताना २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच लावला. त्यामुळे ‘गुन्हा तर नाही ना?’ हा युक्तिवाद ग्रुपवर मान्य करू नका. गुन्हा नसलेलं पुष्कळ काही शेजाऱ्याला राहणं नकोसं करतं. अनुसूचित जाती-जमातींबद्दल द्वेष पसरवणारा मजकूर असेल तर मात्र अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो.

तुमच्यापुरतं : दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, त्याचा सामायिक हेतू किंवा पूर्वनियोजन दिसावं लागतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

प्रश्न : मेसेज डिलीट केला की भांडण आणखी पेटतं. मग करायचं काय?
– एक ॲडमिन, नाशिक

उत्तर : कारण न सांगता काढला की ‘काय होतं त्यात?’ म्हणून तोच मजकूर खासगीत फिरतो. आधी वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पुढे तक्रार झाली तर लागतो. मग ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करा आणि ग्रुपवर एकच ओळ टाका : ‘एका समाजाला कीड म्हणणारा मेसेज काढला आहे.’ नाव नको, चर्चा नको. टाकणाऱ्याशी फोनवर बोला. चारचौघांत सुनावलं की माणूस माघार घेत नाही. दुसऱ्यांदा झालं तर लेखी ताकीद, तिसऱ्यांदा ग्रुपबाहेर. हा क्रम आधीच ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा, नाहीतर ‘माझ्याच वेळी नियम कसा आठवला?’ हे ऐकावं लागेल.

सोसायटीचा ग्रुप असेल तर पाणी, देखभाल, सभेच्या नोटिसा यांसाठी फक्त ॲडमिनच लिहू शकतील असा वेगळा ग्रुप ठेवा. गप्पांच्या ग्रुपमधून काढलेल्या सभासदाला त्यातून काढू नका; सभेची नोटीस मिळणं हा त्याचा हक्क आहे.