वाचक विचारतात : दोन हजारांच्या घड्याळात शुगर कशी काय दिसते?

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे स्मार्टवॉचचे आहेत, सेलचा परिणाम असणार. त्यातले काही घेतलेत.

बाबा 68 वर्षांचे आहेत, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. ऑनलाइन एक घड्याळ दिसतंय, दोन हजारांच्या आत, त्यात बीपी, शुगर, ऑक्सिजन, ईसीजी सगळंच दाखवतं म्हणे. घेऊन टाकू का? – एक वाचक, सांगली

शुगरसाठी घेणार असाल तर अजिबात नको. सुई न टोचता नुसतं मनगटावर बांधून शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं, तोवर त्यांनी असल्या एकाही वस्तूला मान्यता दिलेली नव्हती. दंडाला सेन्सर चिकटवून त्याचा आकडा घड्याळावर बघतात ते वेगळं, त्यात सेन्सरची बारीक तार कातडीखाली गेलेली असते, घड्याळ नुसता पडदा. बाबांनी मनगटावरचा खोटा आकडा बघून गोळी किंवा इन्शुलिन कमीजास्त केलं आणि शुगर एकदम खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडतो, हे काही मी घाबरवायला सांगत नाहीये.

बीपीचंही तसंच. घड्याळाच्या पाठीला जो हिरवा लाइट चमकतो ना, तो कातडीतून आत जातो, रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड कमीजास्त होतो त्यावरून नाडी मोजतात. नाडी मोजायला ही पद्धत चांगलीच आहे. पण बीपी म्हणजे दाब, तो उजेडावरून थेट मोजता येत नाही, अंदाज बांधावा लागतो. सॅमसंगच्या महागड्या घड्याळांतसुद्धा बीपीसाठी दर 28 दिवसांनी दंडाच्या मशीनवर मोजून तो आकडा घड्याळाला शिकवावा लागतो! म्हणजे मशीन लागणारच आहे, मग तेवढ्याच पैशात चांगलं दंडाचं मशीनच घ्या की.

ईसीजीची एक सोपी परीक्षा सांगतो. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, घड्याळावर तो खरा काढायला दोन्ही हात लागतात, घड्याळ एका मनगटावर आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या कडेला किंवा बटणावर धरायचं, तेव्हा सर्किट पूर्ण होतं. बोट न लावताच रेषा पळायला लागली तर ती ईसीजीची नाही, विषय संपला. अ‍ॅपलने 2018 मध्ये सिरीज 4 पासून हे दिलं, त्यातून ठोके अनियमित पडतायत का ते कळतं, पण हार्ट अटॅक त्यातून कळत नाही हे कंपनी स्वतःच सांगते. छातीत दुखायला लागलं तर घड्याळात बघत बसू नका, 108 ला फोन करा. आणि हो, बाबांना पेसमेकर असेल तर अंगातली चरबी मोजणारं फीचर वापरायचं नाही, त्यात शरीरातून हलका करंट सोडतात.

रोज 10,000 पावलं होतात, घड्याळ म्हणतं साडेचारशे कॅलरी जळल्या, तरी वजन तसंच. घड्याळ बिघडलंय का? – एक वाचक, ठाणे

घड्याळ बिघडलेलं नसावं, कॅलरीचा आकडाच मुळात कच्चा असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी 2017 मध्ये सात बँड आणि घड्याळं तपासली, नाडी बहुतेकांची ठीक निघाली, पण कॅलरीत सगळ्यात बरं होतं तेही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट 93 टक्क्यांनी. त्यामुळे घड्याळ साडेचारशे म्हणालं म्हणून साडेचारशेचा वडापाव-मिसळ खायचा हिशोब करू नका. पावलंही हाताच्या हलण्यावरून मोजतात, पोळ्या लाटताना वाढतात आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना वाढत नाहीत. 10,000 हा आकडाही काही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही, 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो जगभर पसरला. त्यापेक्षा भरभर चालताना नाडी किती जाते आणि तोच रस्ता महिनाभराने चालताना ती कमी राहते का ते बघा, ते घड्याळाला छान जमतं. फक्त पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर आणि घट्टसर बांधा, सैल घड्याळात उजेड शिरतो आणि आकडे उड्या मारतात.

ब्लूटूथ कॉलिंगवालं घड्याळ घेतलं की फोन घरी ठेवून शेतात जाता येईल ना? – एक वाचक, बारामती

नाही हो. कॉलिंग लिहिलेलं असलं तरी फोन लावतो तो तुमचा मोबाइलच, घड्याळाला फक्त माइक आणि स्पीकर, आणि ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर. मोबाइल खिशात किंवा बांधावर झाडाखाली असेल तर चिखलाच्या हाताने फोन न काढता कोणाचा आलाय ते कळतं, उचलून दोन शब्द बोलता येतं, एवढा उपयोग मात्र खरा आहे. ट्रॅक्टर चालू असताना पलीकडच्याला काही ऐकू जाणार नाही ते वेगळं. फोनशिवाय चालायला ई-सिमवालं, म्हणजे आतच सिम असलेलं घड्याळ लागतं, ते बरंच महाग, बॅटरी लवकर उतरते आणि शेतात रेंज लागते ती लागतेच.

आयफोन आहे पण घड्याळ दुसऱ्या कंपनीचं आहे, मेसेज दिसतो, रिप्लाय जात नाही. सेटिंग कुठे? – एक वाचक, फोंडा, गोवा

सेटिंग नाहीये. अ‍ॅपल दुसऱ्यांच्या घड्याळांना आयमेसेजला उत्तर पाठवू देत नाही, अँड्रॉइडवर तेच घड्याळ तयार उत्तरं पाठवेल.

मुलाची नीट (मेडिकल प्रवेशाची) परीक्षा आहे, साधं डिजिटल घड्याळ चालेल का? – एक पालक, लातूर

नाही, कुठलंच घड्याळ चालत नाही, काट्याचंही नाही. वेळ बघायला वर्गात भिंतीवर घड्याळ असतं. सकाळी निघायच्या आधीच घरी काढून ठेवा, गेटवर काढायला लावलं तर ठेवायचं कुठे हा प्रश्न होतो आणि पोराचं डोकं तिथेच फिरतं.