बालवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईंसाठी

अडीच-3 वर्षांचं मूल ‘मी मुलगी’, ‘मी मुलगा’ असं सांगू लागतं. पण केस कापले की मुलीचा मुलगा होतो, असंही त्याला वाटू शकतं. केस किंवा कपडे बदलले तरी मुलगी मुलगीच आणि मुलगा मुलगाच राहतो, ही समज पक्की व्हायला 6-7 वर्षांचं वय उजाडतं. म्हणूनच 5-6 वर्षांच्या मुलांत ‘भातुकली मुलींचीच’ हा हट्ट फार कडक असतो. घाबरू नका, पुढे तो बहुधा सैल पडतो.

मुलामुलींच्या वेगळ्या रांगा मात्र आधी बंद करा. ताईच दिवसभर तशी विभागणी करतात, तेव्हा मुलं त्या फरकाला नको तेवढं महत्त्व देतात. रांग उंचीने लावा, गट रंगीत चिठ्ठ्यांनी पाडा, ठोकळे आणि भातुकली एकाच कोपऱ्यात मांडा. मुलगा बाहुलीला भरवत असेल तर हसू नका, टोकू नका; तेवढ्यावरून त्याच्या लिंगभावाचा, म्हणजे तो स्वतःला मुलगा मानतो की मुलगी याचा, निष्कर्षही काढू नका.